डार्कटेबल: स्क्रीनवरचा गुलाल बिघडला की दोष नेमका कुणाचा ते दाखवणारं सॉफ्टवेअर

मी कोल्हापूर भागात फोटोग्राफी करतो, लग्नं, बारशी, डोहाळजेवणं, आणि वर्षातून एकदा फक्त स्वतःसाठी जोतिबाची चैत्र यात्रा. जे गेलेत त्यांना सांगायला नको, वाडी रत्नागिरीचा अख्खा डोंगर त्या दिवशी गुलाबी असतो, सासनकाठ्या, पायऱ्या, माणसांच्या पापण्या सगळ्यावर गुलाल, खोबऱ्याचे तुकडे अंगावर येतायत आणि आपण कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून शूट करतोय. हा रिव्ह्यू त्या गुलालामुळेच लिहितोय.

झालं असं की गेल्या वर्षी यात्रेच्या तोंडावर नवीन लॅपटॉप घेतला, दोन ग्राफिक्सवाला, म्हणजे प्रोसेसरमधलं एक आणि वेगळं कार्ड एक. यात्रेवरून आलो, रात्री जेवून फोटो उतरवले, नेहमीचं पैसे भरून वापरतो ते एडिटिंग सॉफ्टवेअर उघडलं आणि बघतो तर झूम केलं की फोटोवर काळे चौकोन यायचे, स्लायडर हलवला की अर्धा फोटो बदलायचा आणि अर्धा जुनाच राहायचा, पांढरे सदरे हळदीच्या पाण्यात बुचकळल्यासारखे पिवळट, आणि गुलाल तर नुसता एक सपाट गुलाबी थर, त्यात ना उधळलेल्या मुठीचा आकार ना कपड्याची चुणी. मला वाटलं एकच काहीतरी बिघडलंय. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, सेटिंग रिसेट केली, शेवटी विंडोजसुद्धा नव्याने टाकलं, दोन दिवस गेले, फरक शून्य. त्या सॉफ्टवेअरच्या हेल्पलाइनवाल्यांनी लॅपटॉपवाल्यांकडे बोट दाखवलं, लॅपटॉपवाल्यांनी सॉफ्टवेअरकडे.

त्याच आठवड्यात एका लग्नाचे फोटो पाठवले होते, त्या वहिनींचा फोन आला, "ओ दादा, माझा शालू डाळिंबी आहे, हा राणी कलर कुठनं आणला तुम्ही?" बरोबरच होतं त्यांचं. वर्षभर पैसे साठवून घेतलेला शालू, त्याचा रंग मी बदलून टाकला होता, आणि माझ्या स्क्रीनवर तर तो मला डाळिंबीच दिसत होता. त्या फोननंतर रात्री झोप लागली नाही.

मग सांगलीच्या एका मित्राने सांगितलं की नुसतं परत परत इन्स्टॉल करत बसू नको, डार्कटेबल टाक आणि तीच रॉ फाईल (कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा, प्रक्रिया न झालेला फोटो) त्यात उघडून बघ, दोन सॉफ्टवेअरमध्ये सेम घोळ दिसला तर दोष सॉफ्टवेअरचा नाही. इतकं साधं होतं ते, पण मला सुचलं नव्हतं.

डार्कटेबल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉ फोटो डेव्हलप करायचं हे फुकट आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, 2009 पासून चालू आहे, सुरुवातीला लिनक्सवाल्यांचं होतं, विंडोजसाठी अधिकृतपणे 2017 च्या डिसेंबरात आलं, मॅकवरही चालतं. नावात दोन शब्द आहेत, डार्करूम आणि लाइटटेबल, आणि आत दोन मुख्य खोल्याही त्याच, लाइटटेबलवर फोटो निवडायचे आणि डार्करूममध्ये एडिट करायचे. मूळ रॉ फाईलला ते हात लावत नाही, तुम्ही केलेलं सगळं शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाईलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे टेस्टिंगसाठी काहीही उलटंपालटं केलं तरी फोटोला धक्का लागत नाही. ही गोष्ट मला फार मोठी वाटते, कारण डिस्प्लेचा घोळ शोधताना माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेल्या माणसाच्या हातून फाईली सेव्ह होऊन बिघडतात.

तर उघडली तीच फाईल. काळे चौकोन इथेही, थोडे कमी पण होते. म्हणजे मी दोन दिवस ज्या सॉफ्टवेअरला शिव्या दिल्या त्याची यात चूक नव्हती. आता डार्कटेबलच्या प्रेफरन्सेसमध्ये प्रोसेसिंगच्या पानावर ओपनसीएल नावाची एक टिक आहे, ती असली की फोटोची आकडेमोड ग्राफिक्स कार्डवर होते, काढली की प्रोसेसरवर. टिक काढली, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं, चौकोन गायब! स्लो झालं, स्लायडर हलवल्यावर क्षणभर थांबावं लागायचं, पण फोटो स्वच्छ. खुर्चीवरून उठून बायकोला हाक मारून दाखवलं मी.

त्याचा अर्थ असा की कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांची गाठ घालून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, गडबड. कार्ड जळालेलं असतं तर गेम, व्हिडिओ, डेस्कटॉप सगळीकडे डाग दिसले असते, इथे फक्त फोटोचं जड गणित कार्डावर गेलं की दिसायचे. लॅपटॉप कंपनीने दिलेला ड्रायव्हर जुना होता, तो पूर्ण काढून टाकला आणि कार्डाची चिप ज्यांची आहे त्यांच्या साइटवरून नवीन टाकला, आणि टाकताना क्लीन इन्स्टॉल निवडलं, म्हणजे जुन्याचं काही शिल्लक राहत नाही. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्स म्हणून पान आहे तिथे जाऊन दोन्ही एडिटिंग सॉफ्टवेअरना हाय परफॉर्मन्सवालं कार्ड नेमून दिलं, कारण दोन ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर कधी हे कधी ते असं झालं की पण असले तमाशे होतात. ओपनसीएल परत चालू केलं. ड्रायव्हर बदलल्यावर पहिल्यांदा डार्कटेबल उघडायला बराच वेळ लागतो, ते कार्डासाठी आपला कोड नव्याने तयार करत असतं, लोक तेवढ्यात हँग झालं म्हणून बंद करतात, करू नका, चहा घेऊन या. त्यानंतर आजपर्यंत चौकोन नाही, दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये नाही.

ज्यांना खोलात जायचंय त्यांच्यासाठी सोबत डार्कटेबल-सीएलटेस्ट नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो, तो चालवला की कार्ड कुठलं सापडलं, मेमरी किती, ड्रायव्हर कुठला, वापरता येतंय की नाही हे सगळं अक्षरशः लिहून देतो. "काहीतरी चुकलं आहे" एवढंच सांगणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा हे मला हजारपटीने आवडलं. आणि कार्डाची मेमरी कमी पडली तर ते फोटोचे तुकडे करून करतं किंवा काम प्रोसेसरकडे वळवतं, वेळ लागतो पण काम होतं.

आता पिवळे सदरे. ड्रायव्हर नीट झाल्यावरही ते पिवळेच. इथे एक गोष्ट बघायची असते, पिवळेपणा सगळ्या स्क्रीनवर आहे की फक्त फोटोत. सगळीकडे असेल तर आधी नाइट लाइट चालू राहिलाय का बघा, संध्याकाळी आपोआप चालू होतो आणि आपण विसरलेलो असतो. आणि त्याची एक सोपी परीक्षा आहे, स्क्रीनशॉट काढून मोबाईलवर पाठवा, नाइट लाइटचा पिवळेपणा स्क्रीनशॉटमध्ये येत नाही. माझ्याकडे डेस्कटॉप, वर्डची पानं सगळं पांढरंशुभ्र, फक्त फोटो सॉफ्टवेअरमधला फोटो पिवळा. ही मॉनिटरच्या प्रोफाईलची खूण.

प्रोफाईल म्हणजे काय तर तुमची स्क्रीन कुठला रंग कसा दाखवते याची एक फाईल, आयसीसी प्रोफाईल म्हणतात, फोटो सॉफ्टवेअर ती वाचून त्याप्रमाणे रंगात दुरुस्ती करून दाखवतं. डेस्कटॉप आणि वर्ड ती बघतच नाहीत, म्हणून ते ठीक दिसतात. ती फाईलच चुकीची असेल तर चांगल्या रंगावर चुकीची दुरुस्ती होते. नवीन लॅपटॉपवर कंपनीची म्हणून एक प्रोफाईल आलेली असते, ती कधी कधी खराब किंवा दुसऱ्याच पॅनेलची निघते, आणि ड्रायव्हर किंवा अपडेटबरोबर गुपचूप येऊन बसते, माझं विंडोज नव्याने टाकूनही ती परत आली ती अशीच. जुन्या विंडोजमध्ये फोटो व्ह्यूअरला फोटो पिवळे दिसायचे आठवतंय का, त्यामागेही बऱ्याचदा हेच असायचं.

डार्कटेबलमध्ये हे तपासायला विंडोजच्या सेटिंगमध्ये शिरायलाही लागत नाही. डार्करूममध्ये फोटोच्या खाली सॉफ्टप्रूफचं (प्रिंटमध्ये रंग कसे येतील ते स्क्रीनवर दाखवणारं) छोटं चिन्ह आहे, त्यावर राइट क्लिक केलं की डिस्प्ले प्रोफाईल निवडता येते, तिथे सिस्टिमच्या ऐवजी एसआरजीबी, म्हणजे साध्या स्क्रीन आणि वेबसाठी ठरलेली सर्वसाधारण रंगपट्टी, केलं आणि सदरे पांढरे झाले. दहा सेकंदांचं काम. मग विंडोजच्या कलर मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती कंपनीची प्रोफाईल काढली, एसआरजीबी डिफॉल्ट केली आणि दुसरं सॉफ्टवेअरही सुधारलं. हा तात्पुरता इलाज आहे हे लक्षात घ्या, एसआरजीबी म्हणजे काही तुमच्या स्क्रीनचं मोजमाप नव्हे, पण खोट्या प्रोफाईलपेक्षा बरं. वहिनींच्या शालूचा राणी कलर इथूनच आला होता, मी पिवळटपणा घालवायला म्हणून निळं-जांभळं वाढवत गेलो आणि फाईल बिघडवली, स्क्रीनवर बरोबर दिसेपर्यंत.

आणि गुलाल?

गुलालाचं सगळ्यात जास्त शिकलो. चौकोन गेले, पिवळं गेलं, गुलाल तसाच सपाट. डार्कटेबलमध्ये सॉफ्टप्रूफच्या शेजारी गॅमट चेकचं बटण आहे, कंट्रोल आणि जी दाबलं तरी चालतं. ते दाबलं आणि जिथे जिथे गुलाल होता तिथे तिथे फोटो आकाशी झाला, म्हणजे हे रंग एसआरजीबीमध्ये मावतच नाहीत. बिघाड नव्हताच तो! गुलालाचा गुलाबी इतका कडक की माझ्या लॅपटॉपचं पॅनेल तो दाखवूच शकत नव्हतं. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत 45 टक्के एनटीएससी असं लिहिलेलं असतं ना, आपण रॅम आणि प्रोसेसर बघतो आणि ते सोडून देतो, त्याचा अर्थ ती स्क्रीन साध्या एसआरजीबीच्या साधारण दोन तृतीयांश रंगच दाखवते. कॅमेऱ्याची 14 बिटची रॉ फाईल लाल, हिरवा, निळा यांतल्या एका चॅनलला 16384 पायऱ्या देते, साधी स्क्रीन 256, तर उधळलेल्या गुलालातले सगळे बारीक फरक एकाच शेवटच्या पायरीवर जाऊन आदळतात आणि आपल्याला सपाट थर दिसतो.

पण एक तपासणी अजून बाकी होती, की रॉ फाईलमध्येच रंग फुटलाय का, म्हणजे सेन्सरच्या मर्यादेबाहेर जाऊन त्यातले फरक कायमचे गेलेत का. त्याला वेगळा इंडिकेटर आहे, रॉ ओव्हरएक्स्पोज्ड नावाचा, तो एडिटिंगच्या आधीचा, सेन्सरने काय टिपलं ते दाखवतो. माझ्या बऱ्याच फोटोंत माहिती शाबूत होती, काहींत मात्र लाल चॅनल खरोखर भरून वाहिला होता, ते फोटो कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. कॅमेऱ्याच्या मागचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, जेपेगवरून काढलेला असतो आणि नुसता पांढरा हिस्टोग्राम बघितला तर लाल कधी फुटला कळतही नाही, म्हणून या वर्षी गुलालात शूट करताना तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावून उजेड पाऊण-एक स्टॉप कमी (म्हणजे जवळजवळ निम्मा) ठेवला. जे फोटो शाबूत होते त्यात कलर बॅलन्स आरजीबी मॉड्यूलमध्ये फक्त त्या गुलाबीवर मास्क लावून क्रोमा, म्हणजे रंगाचा भडकपणा, कमी केला, उजेड जरा उतरवला, आणि मुठीतून सुटलेला गुलाल हवेत कसा फाटत जातो ते दिसायला लागलं. सासनकाठीच्या मागून ऊन येतंय आणि त्या उन्हात गुलालाचे कण, हे मी डोळ्याने बघितलं होतं, ते फाईलमध्ये होतं, इतके दिवस दिसत नव्हतं.

अजून दोन गोष्टी ज्या लोक बिघाड समजतात. एक, दुपारच्या उन्हातलं पांढरं धोतर किंवा ढग मध्येच गुलाबीसर दिसणं. सेन्सरवर हिरवा चॅनल बहुधा आधी भरतो, मग व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळवणी) लाल आणि निळ्याला गुणून वाढवतो, हिरवा तिथेच राहतो, म्हणून पांढऱ्याचं गुलाबी होतं, हायलाइट रिकन्स्ट्रक्शन मॉड्यूल बंद पडलंय का ते बघा. दुसरं, फोटो उघडल्यावर क्षणभर धुरकट दिसून मग शार्प होणं, तो फक्त कामचलाऊ प्रिव्ह्यू असतो. आणि पूर्ण फोटो स्क्रीनमध्ये बसवून नॉईज किंवा शार्पनेस ठरवू नका, वेग यावा म्हणून तो लहान आकारावर प्रोसेस केलेला असतो, 100 टक्के झूमवर बघा, आता खाली हाय क्वालिटी प्रोसेसिंगचं बटण आलंय तेही दाबून बघता येतं, मशीन दमतं पण खरं चित्र दिसतं.

एका मित्राच्या स्टुडिओत गिऱ्हाइकांना दाखवायला एचडीएमआयने टीव्ही जोडलाय, त्याच्याकडे वेगळाच घोळ, काळे केस राखाडी. तिथे ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज लिमिटेड होती, ती फुल केली आणि झालं. विंडोजचा एचडीआर चालू असेल तरी साधे फोटो फिके दिसतात, एडिट करताना तो बंदच ठेवा. काही लॅपटॉप बॅटरीवर गेले की वीज वाचवायला कॉन्ट्रास्ट आणि रंग परस्पर बदलतात, चार्जर काढला की फोटो वेगळा दिसत असेल तर ग्राफिक्सच्या पॅनलमध्ये तो पर्याय शोधून बंद करा, मी तर आता एडिटिंगला चार्जर लावूनच बसतो.

आता डार्कटेबलच्या उण्या बाजू, कारण सगळं गोड गोड सांगून तुम्हाला फसवायचं नाहीये. पहिले पंधरा दिवस जड जातात. मॉड्यूलं साठच्या वर आहेत, एकच काम तीन मॉड्यूलमध्ये होतं, आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरची सवय असेल तर हात तिकडेच जातात. माझा सल्ला, सुरुवातीला एक्स्पोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड आणि कलर बॅलन्स आरजीबी एवढीच चार शिका, बाकीच्यांकडे महिनाभर बघू पण नका. लेयर टाकून अल्बमची पानं जुळवायची असतील तर हे सॉफ्टवेअर त्यासाठी नाही, ते काम दुसरीकडे करा. नवाकोरा कॅमेरा घेतला असेल तर त्याची रॉ चालते का ते आधी त्यांच्या साइटवरच्या यादीत बघून घ्या. आणि ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या मशीनवर नॉईज काढणारी जड मॉड्यूलं लावली की खरंच थांबावं लागतं, लग्नाचे दोन हजार फोटो रात्रीत द्यायचे असतील तर त्रास होईल. म्हणून लग्नाचं घाईचं काम मी अजूनही पैसे भरलेल्या सॉफ्टवेअरवर करतो, पण रंगाबद्दल शंका आली की फाईल डार्कटेबलमध्ये उघडतो, आणि जोतिबाचं सगळं इथेच. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा शिकायला लागणाऱ्या वेळाचा कापला.

पैसे वाचले म्हणता येईल ते मी दुसरीकडे घातले, पूर्ण एसआरजीबी दाखवणारा बाहेरचा आयपीएस मॉनिटर आणि स्क्रीनवर ठेवून रंग मोजायचं कलरीमीटर. ते चालवायला आर्गाइल सीएमएस आणि डिस्प्लेकॅल ही दोन्ही फुकट सॉफ्टवेअर आहेत. पांढरा डी65 वर (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), गॅमा 2.2, आणि उजेड 100 ते 120 कँडेला प्रति चौरस मीटर, एवढं मोजून प्रोफाईल तयार केली, डार्कटेबलला डिस्प्ले प्रोफाईल परत सिस्टिमवर ठेवायला सांगितलं. तो उजेड सुरुवातीला अंधारल्यासारखा वाटतो, आपल्याला ब्राइटनेस फुल ठेवायची सवय असते, पण फुल ब्राइटनेसवर एडिट केलेल्या फोटोंचे प्रिंट काळपट येतात हे लॅबवाल्यांकडे कितीदा भांडून झालंय आपलं, चूक लॅबची नसायचीच.

वहिनींचे फोटो सगळे नव्याने केले, रॉवरून, पैसे न घेता. प्रिंट घेऊन त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी कपाटातून मलमलीत गुंडाळलेला शालू काढला, खिडकीपाशी उजेडात धरला आणि फोटो त्याच्या पदरावर ठेवून बघितला. "हां, हा माझा," म्हणाल्या, आणि सासूबाईंना दाखवायला आत घेऊन गेल्या.